दस्त्यावरचं तपकिरी पॉलिश

खरेबुवांनी बंदुकीचा लाकडी दस्ता सुटा करून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवला आणि समोर भाजी निवडत बसलेली त्यांची बायको धास्तावली. बंदुकीची नळी कपाटात कुलूपबंद होती; तिची भीती नव्हती. भीती होती ती दस्त्याच्या उजव्या अंगावरच्या बोटभर पोच्याची.

बँकेच्या दारात तीस वर्षं पहारा देऊन बुवा निवृत्त झाले होते. बंदूक त्यांची स्वतःची. ती आता पुतण्याकडे जायची होती, आणि जाताना नटूनथटून जावी असा त्यांचा हट्ट. खरेबुवा हे नाव बँकेतल्यांनीच पाडलेलं. ‘खोटं बोलणाऱ्याच्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही,’ हे त्यांचं वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. आणि गेली एकवीस वर्षं ते तिच्याच हातचं पाणी पीत होते.

झालं होतं एवढंच, की कपाटातून रजई ओढताना बंदूक पडली ती थेट शिलाई मशीनच्या कोपऱ्यावर. दस्त्याला पोचा आला. तिने लेकीच्या बुटांचं पॉलिश त्यात भरलं, फडक्याने घासलं आणि तोंडातून ब्र काढला नाही.

बुवांनी पॉलिश पेपरने जुनं रोगण उतरवलं. मग बारीकसारीक पोच्यांवर ओलं फडकं ठेवून वरून तिची इस्त्री दाबायला लागले. चर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची आणि दबलेलं लाकूड फुगून वर यायचं. चोराच्या मनात चांदणं. ती भाजी निवडताना पानं कचऱ्यात आणि देठं पातेल्यात टाकत होती.

त्या मोठ्या पोच्यात मात्र पाणी मुरेना. बुवांनी सुरीच्या टोकाने कोरायला घेतलं. तपकिरी चुरा निघाला. तिला राहवेना.

“अहो, ते माझ्या हातून झालं. एकवीस वर्षं लपवलं मी. काय बोलायचं ते बोला.”

“माहीत आहे,” बुवा वर न बघता म्हणाले. “माझे बूट काळे. तपकिरी पॉलिश लेकीसाठीच यायचं.”

“मग बोलला का नाहीत?”

“चार दिवस तू मान वर करत नव्हतीस. त्यावर आणखी मी काय बोलायचं? बँकेत बंदुकीच्या तपासणीत साहेबांनी पोच्याचं विचारलं, तर म्हटलं बंदुकीसकट जिन्यावरून पडलो.”

“तुम्ही? खोटं?”

“एकदाच. मग लंगडावं लागलं. बँकेतला शिपाई आपल्या शेजारचाच, रोज सोबत यायचा ना.”

तिला आठवलं. त्या आठवड्यात अपराधी वाटून तिने सकाळ-संध्याकाळ त्यांचा गुडघा शेकला होता.

“शिपाई दारापर्यंत यायचा. घरात कशाला लंगडत होता?”

बुवांचे कान लाल झाले. “शेक बरा वाटायचा.”

तिला हसू आलं, रडूही आलं, आणि एकवीस वर्षं जीव टांगणीला लावल्याचा रागही आला. “आता मागा पाणी! बघते कुणाच्या हातचं पिता ते.”

त्यांनी पोच्यावर फडकं ठेवलं आणि इस्त्री तिच्या हातात दिली. “दाब.” तिने दाबली. लाकूड हळूहळू वर आलं.

दुपारी तळहाताने जवसाचं तेल चोळून झालं आणि बुवा उठताना कळवळले. “आई गं, गुडघा!”

“खरा की साहेबांसाठीचा?”

“खरा गं.”

तेव्हा उजवा होता, आज डावा धरला होता. तिने पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवला, कोरडं फडकं इस्त्रीखाली गरम केलं आणि गुडघ्यावर धरलं.

बुवा आधी पाणी प्यायले.