व्हय म्हणजे काय

आमच्या कॉलेजच्या तक्रार समितीत मला घेतलं ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे. मी मराठी शिकवते, माझं अक्षर बरं आहे, आणि जबाब लिहून घ्यायला कुणीतरी लागतंच. मी पटकन चिडते हे सगळ्यांना माहीत होतं, पण समितीत चिडण्यासारखं काय असणार, असं प्राचार्यांना वाटलं असावं. सुरुवातीला खरोखरच काही नव्हतं. मग एका मुलीचा अर्ज आला, आणि तेव्हापासून मला माझ्याच बोलीतल्या एका शब्दाचा अर्थ धड सांगता येत नाही.

मुलगी पिशोरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. मुलगा फर्दापूरच्या बाजूचा. घरी मेंढरं, आणि एवढं शिकलेला घरातला तो पहिलाच. दोघेही एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, एकाच वर्गात. शहरातल्या सिडको भागात त्यांच्या एका मैत्रिणीच्या भाड्याच्या खोलीवर वाढदिवस झाला, दारू आली, दोघेही प्यायले. बाकीचे जेवायला बाहेर पडले, ही दोघं मागे राहिली. पुढे जे झालं ते आपल्या मनाविरुद्ध झालं, अशी मुलीची तक्रार होती.

अशा प्रकरणात एक जण झालं म्हणतो आणि दुसरा झालंच नाही म्हणतो, अशी माझी कल्पना. इथे दोघांचे जबाब जुळत होते, हीच पंचाईत.

"जवळ येऊ का म्हणला तो. मी व्हय म्हणले असंन," मुलगी म्हणाली. "पण मॅडम, मला लई चढली होती. मी काय बोलत होते, माझं मलाच ध्यानात नाय."

"म्या इचारलं व्हतं," मुलगा म्हणाला. "ती व्हय म्हणली."

जबाब शुद्ध मराठीत उतरवायचे, अशी अध्यक्षबाईंची सूचना होती. मी 'होय' लिहिलं आणि खोडलं. पुन्हा 'व्हय' लिहिलं. अध्यक्षबाई मूळच्या पुण्याच्या. म्हणाल्या, "अहो, एकच ना ते?" मला एकदम राग आला, पण एकच नाही तर मग काय, हे सांगता येईना. आमच्याकडे व्हय म्हणजे होय. तेच जरा सूर चढवून म्हटलं तर, खरंच की काय? दोनदा म्हटलं तर, ऐकतेय, बोल पुढे. आणि झोपेत कुणी हाक मारली की तोंडातून निघतं तेही व्हयच. कागदावर सगळे सारखेच दिसतात.

त्याच आठवड्यात वैजापूरहून आईचा फोन आला. मी पेपर तपासत होते. ती कांद्याचा भाव सांगत होती, मावशीचे गुडघे सांगत होती, मी आपली व्हय, व्हय करत होते. दुसऱ्या दिवशी कळलं, मावशीच्या नातवाच्या बारशाला मी येणार आहे, असं तिने सगळ्यांना सांगूनही टाकलंय. "तूच तर व्हय म्हणलीस," आई म्हणाली. मी चांगली शुद्धीत होते, चहाशिवाय काही प्यायले नव्हते. एरवी हसून सोडून दिलं असतं. त्या दिवशी मी तो जबाबाचा कागद पुन्हा काढून वाचला.

मुलीचं मागणं एकच होतं. पोलिसांत जायचं असेल तर आम्ही सोबत येऊ, असं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती नको म्हणाली. "फक्त लवकर करा, मॅडम. घरी कळलं तर मला उचलून नेतील. परीक्षाबी देऊ देणार नायत." ती उगाच घाबरत नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीचं कॉलेज याहून किरकोळ कारणावरून बंद झालं होतं.

समितीतल्या वकीलबाईंचं मत पक्कं होतं: इतक्या नशेतला होकार हा होकारच नव्हे. मी म्हटलं, "तोही प्यायलेलाच होता की." त्या म्हणाल्या, "प्यायलं म्हणून जबाबदारी जात नाही." ते पटलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, ती स्वतःच हो म्हटल्याचं सांगते, तर त्या पोराचं आयुष्य कशाच्या जोरावर बिघडवायचं? तेही पटलं. मी, जिचं एरवी कुणाशी पटत नाही, तिथे नंदीबैलासारखी मान हलवत बसले होते. मग कचेरीतले एक सदस्य म्हणाले, "मेंढरामागची पोरं ही. दारू अन् पोरगी एकदम दिसली की असंच व्हणार. काढून टाका त्याला." तेव्हा मात्र मी त्यांना फाडफाड बोलले. पण माझं मतही तोवर मुलीच्या बाजूने झुकलं होतं, म्हणजे या गृहस्थांच्या शेजारीच मला हात वर करावा लागणार होता. मला स्वतःचीच किळस आली.

मत नोंदवायच्या आदल्या दिवशी मुलगा माझ्या वर्गाबाहेर उभा होता.

"मॅडम, तिनं काय लिहिलं ते मला वाचायला भेटंल का? अन् त्या खोलीवाल्या पोरीला तर कुणी काई इचारलंच नाय."

मी वैतागले. "साक्षीदार आणायचे तर सांग, तक्रार वाचायची तर माग, हे सगळं तुला पहिल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. समजलं का विचारलं, तर सगळ्यांसमोर व्हय म्हणालास."

"व्हय म्हणलो, मॅडम. पण मला काईच समजलं नव्हतं. सगळे माझ्याकडंच बघत व्हते."

याचं व्हय धरायचं नाही, तर तिचंही धरता येत नाही. तिचं सोडून द्यायचं, तर याचंच तेवढं पकडून ठेवायचं कसं? 'ती व्हय म्हणली' ही आपली सगळी बाजू त्याने आपल्याच तोंडाने सोडून दिली होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मला त्याची कीव आली, रागही आला, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे मी सरळ वर्गात गेले.

समितीत मी हट्ट धरला. त्याला तक्रार वाचायला द्या, त्या मैत्रिणीला बोलवा, त्याला पुन्हा नीट विचारा. वकीलबाई म्हणाल्या, हे आधीच व्हायला हवं होतं. निकाल लांबला, परीक्षा तोंडावर आली.

खोलीवाली मैत्रीण आली ती मुलाच्या बाजूनेच बोलायला. सभ्य आहे, कधी कुणाशी वाकडं वागलेला नाही, वगैरे. मग बोलण्याच्या ओघात म्हणाली, "आम्ही जेवायला निघालो, तवा तिला हॉस्टेलला जायचं होतं. पण चपलेत पायच घालता येईना तिला. दोन-तीनदा बघितलं अन् खालीच बसली. मग यानंच तिची चप्पल काढून ठेवली, म्हणला, मी थांबतो हिच्याजवळ."

वकीलबाईंनी मुलाला विचारलं, हे आठवतं का. तो "आठवतं" म्हणाला आणि पुढे काहीतरी बोलणार होता, पण थांबला. मला वाटतं, जिला चप्पलही घालता येत नव्हती तिचं व्हय आपण धरलं, हे आमच्यासारखंच त्यालाही त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं असावं. अध्यक्षबाईंनी सुद्धा नंतर वाद घातला नाही. एका वर्षासाठी त्याला कॉलेजातून काढायचं ठरलं.

पण त्या निकालाआधीच हॉस्टेलसमोर जीप येऊन उभी राहिली होती. साक्षीला आलेल्या मैत्रिणीला कुठे बोलू नकोस म्हणून बजावलं होतं, तरी तिने घरी आईला सांगितलं. तिथून ते पिशोरला कसं पोचलं, कोण जाणे. मुलीचे वडील आणि चुलते गादी, बादली, पुस्तकं जीपमध्ये टाकत होते. मी धावत गेले, परीक्षेचं सांगितलं, हात जोडले. "बघू की, मॅडम," वडील अगदी नम्रपणे म्हणाले. मुलगी आत बसली होती, तिने काच खाली केली नाही.

निकाल तिला कळवायचं माझ्याकडेच आलं. तिचा फोन बंद होता. शेवटी तिच्या आईच्या फोनवर ती भेटली. मी निकाल सांगितला. मग न विचारता उशिराचं कारणही सांगायला लागले. त्याला काही समजलंच नव्हतं, पुन्हा विचारल्याशिवाय निकाल देणं बरोबर झालं नसतं, त्यातूनच तर खरं बाहेर आलं, मी पिशोरला येऊन तुझ्या वडिलांशी बोलते. मी बोलतच होते. ते मी तिला सांगत होते की स्वतःला, देव जाणे.

"बरं केलं, मॅडम," ती म्हणाली. "समजलं नव्हतं तर परत इचारायलाच पायजे व्हतं त्याला. मला त्या खोलीवर कुणी परत इचारलं असतं ना, तर मी नाय म्हणले असते."