दोन बोटं काथ्या

देवराम गावित याने पहिल्याच भेटीत मला बुडवून मारलं. १९५४ सालच्या जानेवारीत मी खोडाळ्याच्या शाळेवर मास्तर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. बाजाराचा दिवस होता. लाकडाच्या लॉरीतून उतरलो, ट्रंक खाली ठेवली, बिडी शिलगावली, आणि पहिला झुरका छातीत उतरतो न उतरतो तोच सबंध वैतरणा माझ्या तोंडावर कोसळली. नदीतले मासेही बरोबर आले असावेत. कोंबड्या विकणाऱ्या बायका टोपल्या टाकून पळाल्या. एक बैल दावं तोडून मोखाड्याच्या दिशेने गेला तो गेलाच. पाण्याच्या त्या पडद्यातून सागाच्या खोडाएवढा एक माणूस प्रकट झाला आणि काळजीने म्हणाला, "मास्तर, इझली का?"

खरं सांगायचं तर पाणी तांब्याभर होतं, बैल जागच्या जागी रवंथ करत होता, आणि देवराम माझ्या खांद्यालाही लागत नव्हता. बिडी मात्र खरोखरच विझली होती.

देवराम तिथल्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. उरलेले दिवस जखमा धुणं, पट्ट्या बांधणं आणि आयोडीन लावताना रोग्याला बोलण्यात गुंतवणं हे काम देवरामचं. लोकांच्या बिड्या सोडवणं हे काम त्याला कोणीही सांगितलेलं नव्हतं, म्हणून ते तो फार मन लावून करायचा. सुट्टीच्या दिवशी पाड्यापाड्यांतून हिंडायचा, भाषण द्यायचा, आणि भाषण संपेपर्यंत ऐकणाऱ्यांच्या दोन-दोन बिड्या ओढून व्हायच्या. स्वतःची बिडी त्याने जव्हार संस्थान विलीन झालं त्या वर्षी सोडली होती, आणि हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

"राजानं राज सोडला, मी बिडी सोडली," तो म्हणायचा. "राजाला तनखा तरी मिळला. माना काय मिळला?" माना म्हणजे मला.

मी खोडाळ्यात रुळलो त्या सुमाराला देवरामची बहीण भागी आपल्या नवऱ्याला, रघुला, दवाखान्यात घेऊन आली. घेऊन आली म्हणजे पुढे घालून आणला. रघु कुपावर, म्हणजे जंगलतोडीच्या जागेवर, कुऱ्हाड चालवायचा, आणि पावसाळ्यात स्वतःचं भाताचं खाचर नि नागलीचा उतार नांगरायचा. खोकला असा की तो यायच्या आधी खोकला यायचा. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, बिडी सुटली नाही तर येत्या पावसात नांगर धरायचा विसर.

डॉक्टर गेले. भागी जागची हलली नाही.

"दादा, घरात दुसरा पुरुष नाय," ती म्हणाली. "नांगराला बाईनं हात लावला तं पाडा माना ठेवल का? याची बिडी सोडव. नायतं आवंदा खाचर पडीक राहील, आन पोरीना मी काय घालू, तुझी भाषणा?"

देवरामने टेबलावरची चिमणी पेटवली आणि ती रघुपासून हातभर लांब ठेवली.

"दाजी, फुंका."

रघुने गाल फुगवून फुंकलं. ज्योत वाकलीसुद्धा नाही. दुसऱ्यांदा फुंकायला गेला तो असा खोकला, की चिमणीच काय, टेबलावरचे कागदही उडाले.

"इझली!" रघु खूश होऊन म्हणाला.

"फुंकीनं इझवा, खोकल्यानं नाय. पावसाच्या आधी परत बघीन."

रघु गरीब माणूस. त्याने तिथल्या तिथे कनवटीची आपट्याची पानं आणि तंबाखूची पुडी काढून मेव्हण्याच्या हातात दिली. पाचव्या दिवशी भागी सांगत आली, की तो परत ओढायला लागला.

रविवारी देवराम कुपावर निघाला आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं. तिथे आम्ही एका ऐनाच्या झाडाखाली थांबलो. समोर एक मजूर कुऱ्हाड टाकून बसला. लगेच मंगळू मुकादम ओरडला, "ए, बसलास का?"

"बिडी वढतू."

"बरा बरा."

थोड्या वेळाने दुसरा बसला. त्याच्या तोंडात काही नव्हतं. मुकादम धावत आला आणि त्याच्या सात पिढ्यांतल्या आळशी माणसांची नावं घेऊ लागला. त्याने घाईघाईने पान वळलं, पेटवलं, आणि मुकादम निमूट परत गेला.

आम्ही रघुला गाठलं. तो बिडी पाठीमागे लपवायच्या नादात स्वतःचं धोतर जाळून घेत होता.

"बिडी सोडली तं बसाया मिळत नाय," तो म्हणाला. "चार दिस समदे बसलं, मी एकटा तोडत व्हतू. दम निघला. मंग दम खायासाठी बिडी धरली."

सहा वर्षं देवराम पाड्यापाड्यांत ओरडत फिरला होता.

"माना आधी का नाय सांगतला?"

"तू इचारला कधी?" रघु म्हणाला. "तूच बोलत व्हतास."

देवराम मुकादमाकडे गेला. मंगळू दुष्ट नव्हता, फक्त मुकादम होता. "माना काय," तो म्हणाला, "बसू दे. पण बिडीवाला बिडी संपली की उठतं. नुसता बसला तो कवा उठल?" घड्याळ आमच्यात कोणाकडेच नव्हतं.

मग देवरामने तोड काढली. एक बिडी पेटवून दगडावर ठेवायची. ती जळेपर्यंत रघुने बसायचं. देवाला उदबत्ती लावावी तशी बिडी ठेवून आम्ही परतलो, आणि देवराम वाटभर गुणगुणत होता. आपली पानाची बिडी ओढली नाही तर विझते, हे सहा वर्षांत तो विसरला होता. कुपावर ती विझू लागली की कोणीतरी झुरका मारून जागी ठेवायचा. आणि बिडी ज्याच्यासाठी लावलेली, त्यानेच ती राखावी, म्हणून हे काम रघुवर आलं. आठ दिवसांत तो पूर्वीपेक्षा जास्त ओढू लागला.

भागीने भावाशी बोलणं टाकलं.

पुढच्या बाजारात देवराम तंबाखूच्या दुकानासमोर एकदम थबकला. गिऱ्हाइकांना बिडी पेटवायला म्हणून दुकानदार काथ्याची दोरी टांगून ठेवायचा. ती दिवसभर, कोणी झुरका न मारता, आपली आपण धुमसत असायची.

"थोडी दोरी दे," देवराम म्हणाला.

"कशाला रे?"

"तुझा धंदा बसवाया."

दुकानदार पोट धरून हसला आणि हातभर दोरी तोडून दिली.

कुपावर मंगळूने स्वतः एक बिडी ओढली आणि शेजारी काथ्या जळत ठेवला. बिडी संपली तेव्हा दोन बोटं काथ्या जळला होता. सगळ्यांना पटलं. मग कोणीतरी विचारलं, बोटं कोणाची? मुकादमाची बोटं काड्यांसारखी. मजुरांनी एकमताने ढवळूला पुढे केलं, त्याची बोटं केळ्यांसारखी होती. मुकादम म्हणाला, मग दोन कशाला, एकातच दिवस मावळेल. बराच वेळ वाद झाला. सगळे काम सोडून वाद घालत होते, त्यामुळे मजुरांना घाई नव्हती. शेवटी देवरामची बोटं ठरली, कारण ती सरकारी.

ऐनाच्या फांदीवर काथ्या लटकला. मी पुढे खास पाहायला गेलो, तेव्हा बाकीचे सगळे काथ्याभोवती बसून बिड्याच ओढत होते. पेटवायला विस्तव आयता मिळाला होता. रघु मात्र त्यांच्याकडे पाठ करून बसलेला. मधूनच मान वळवून किती जळला ते बघायचा आणि परत तोंड फिरवायचा. सगळ्यांनी त्याला "काथ्याचा नवरा" म्हणायला सुरुवात केली. तो बसून राहिला.

मेअखेर शेतातला राब, म्हणजे रोपांच्या जागेवरचा पालापाचोळा, भाजून झाला आणि भागी त्याला परत पुढे घालून दवाखान्यात घेऊन आली. चिमणी हातभर लांब. रघुने फुंकलं. विझली. भागीने काडी ओढून ती पेटवली. "परत." विझली. तिने तिसऱ्यांदा पेटवली. देवराम म्हणाला, "अगं, सरकारी घासलेट हाय."

त्या पावसात रघुने खाचर नांगरलं. नांगराच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबत होता, पण नांगरलं. भागीने भावाकडे नव्या तांदळाचं गाठोडं पाठवलं. त्यातल्या तांदळाचा भात देवरामने मला खाऊ घातला आणि जेवताना भाषण केलं.

१९५७ साली मंगळू मुकादमाने मनगटी घड्याळ घेतलं, सरसकट दहा मिनिटं ठरवली आणि काथ्या बंद झाला. पुढल्या वर्षी देवरामची बदली झाली. त्यानंतर काही वर्षांनी रघु मला खोडाळ्याच्या बाजारात भेटला. त्याने बिडी पुन्हा कधी ओढली नव्हती. तंबाखू तो आता चुना लावून खात होता, दिवसाला दोन पुड्या.