शेऱ्यांच्या वहीतली मुलगी

वेल्डर तापट माणूस. गेटं, जाळ्या, जिन्याचे कठडे करायचा, आणि गिऱ्हाइकाने माप बदललं की असा कडाडायचा, की शेजारचा टायरवाला रेडिओ बंद करून ऐकत बसायचा. पण लेकीवर हात उगारायचा नाही, हे त्याने ती जन्मली तेव्हाच ठरवलं होतं. ती सात वर्षांची असताना त्याने तो शब्द मोडला.

कारण शाळेची शेऱ्यांची वही. ‘वर्गात किंचाळते.’ ‘बाकाला लाथा मारते.’ ‘डबा संपवत नाही, पालकांनी शिस्त लावावी.’ पोरीच्या हातापायांच्या नुसत्या काड्या आणि पोट टम्म फुगलेलं. वर्गातल्या मुलांनी तिचं नाव ‘ढोलकी’ ठेवलं होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने तीन वेळा जंताचं औषध दिलं. वेल्डरची थोरली बहीण म्हणाली, "लाडावून ठेवलीये. एक ठेवून दे, बघ पोटदुखी कशी पळते."

एका संध्याकाळी पोरीने पावाची ताटली भिरकावली आणि त्याने ठेवून दिली. ती रडली नाही. पोटावर दोन्ही हात दाबून टेबलाखाली जाऊन बसली.

पुढच्याच आठवड्यात तिचा घसा सुजला. आठ दिवस पोटात फक्त मऊ भात आणि पेज. तापातून उठली, तर ही पोरगी कुणाची, असं वाटावं! पोट उतरलेलं, तोंडात गाणं. मग पुन्हा पाव आणि बिस्किटं सुरू झाली आणि चौथ्या दिवशी किंचाळणं घरात परत.

बायको शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायची. दिवसभर एकच गोष्ट बारकाईने बघायची तिला सवय होती. ती म्हणाली, "अहो, हिला गहू बाधतोय."

मुलांच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा सगळं ऐकून घेतलं. रक्त तपासलं. शंका खरी वाटत होती, पण दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासायचा होता आणि तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली.

"तोवर गहू बंद करायचा नाही," बाई म्हणाल्या.

वेल्डर खुर्चीतून उठलाच. "म्हणजे विष आहे हे कळल्यावरही मी तिला हाताने चारू?"

"बंद केलंत तर आतडं भरून यायला लागेल, आणि तपासणीत खरं काय ते कळणार नाही. पथ्य निघालं तर जन्मभराचं आहे. ते अंदाजाने नको."

पाच आठवडे त्याने चारला. त्या दिवसांत त्याचं एक काम धड झालं नाही. दोन गिऱ्हाइकं त्याने हाकलली, आणि एक कठडा इतका वाकडा जोडला की स्वतःच कापून फेकला. सकाळी पोरगी विचारायची, "बाबा, आजपण दुखणारा पाव?" तो तोंड फिरवून तुकडा मोडायचा. शिव्या कुणाला घालायच्या तेच त्याला कळेना. बहुतेक स्वतःलाच घालत होता.

निदान पक्कं झालं. गव्हातला, जवातला एक घटक तिच्या आतड्याला सोसत नव्हता, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगात रक्त नाही, पोट सतत दुखतंय. तिच्या जागी तुम्ही असता तर गप्प बसला असता?"

दुसऱ्या दिवशी तो कामाच्याच कपड्यांत शाळेत गेला. मुख्याध्यापिकेच्या टेबलावर त्याने रिपोर्ट आणि वही आपटली. "खोडा हे."

"कारण सापडलं, बरं झालं. यापुढे काळजी घेऊ. पण जुने शेरे खोडता येत नाहीत."

"मग खाली लिहा."

वर्गाच्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आम्हाला तरी कसं कळणार?"

"मलाही नाही कळलं. मी मारलं, तुम्ही लिहिलं. माझा वळ दोन दिवसांत गेला. तुमचं लिहिलेलं पुढच्या वर्गात जाणार, त्याच्या पुढच्या वर्गात जाणार. माझी पोर तोंड उघडायच्या आधी लोक तिला ओळखणार, द्वाड म्हणून!"

मुख्याध्यापिका नियम सांगत राहिल्या. तो हलेना. शेवटी वर्गाच्या बाईंनीच वही ओढली आणि लिहिलं, ‘ही मुलगी आजारी होती. आमच्या लक्षात आलं नाही.’ खाली सही केली. त्याने ते दोनदा वाचलं आणि आभार न मानता निघाला.

घरी येऊन तो लेकीसमोर जमिनीवर बसला. "मी मारलं, ते चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली आणि भात खात राहिली. त्याला वाटलं होतं, ती गळ्यात पडेल. ती पडली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

चार महिन्यांत तिचं वजन वाढलं, गालांवर रंग आला. बहिणीने मात्र एकदा गुपचूप बिस्किट दिलं, "एवढ्याशाने काय होतंय?" म्हणत. पोरगी दोन दिवस आडवी. वेल्डर बहिणीशी वर्षभर बोलला नाही. एक दिवस ती तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन दारात आली. त्याने डबा उघडला, वास घेतला, पीठ ज्या पिशवीतलं होतं तिच्यावरचं लेबल मागून घेतलं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, आणि मगच तिला आत घेतलं.