यशोधरेचं महू

यशोधरा सुदामा नगरात माझ्या वरच्या मजल्यावर राहते. इथे राहून जमाना झाला, तरी कुणी विचारलं की सांगणार, "मी महूची." महूचं घर विकलं, घेणाऱ्याने पाडलंही. तिचे वडील चांगदेवराव, फौजेतले, तेही गेले. हा हट्ट मला पटत नाही, आणि मी तसं तोंडावर सांगते.

ती सिमरोलकडे एका कॉलेजचे सर्व्हर सांभाळते, पोरांनाही शिकवते. घरच्या कॉम्प्युटरवर 'mhow' नावाच्या फोल्डरमध्ये वडिलांचा आवाज आहे. आजारपणात त्यांनी सांगितलेल्या त्या घराच्या गोष्टी. दुसरी प्रत नाही.

परवा नवा कॉम्प्युटर आला. जुना तिचा भाऊ सुगत नेणार होता, पुसून वापरायला. तिने होम फोल्डरमधलं सगळं नव्यावर उतरवलं.

"ऐकव मग चांगदेवरावांना," मी म्हटलं.

'mhow' दिसत होतं, उघडेना. अशी जागाच नाही म्हणे.

तिचा चेहरा उतरला. जुन्यावर बसून ती 'mhow'मध्ये शिरली आणि pwd टाइप केलं.

"हे काय?"

"आपण कुठे आहोत ते विचारायचं, काकू."

"आपल्याकडचं पीडब्ल्यूडी तर रस्ते खोदून जातं."

ती हसली नाही. उत्तर आलं, /home/yashodhara/mhow.

"बघा, घरातच दाखवतंय." मग तिने pwd -P टाइप केलं. आता उत्तर वेगळंच, /mnt/disk2/audio.

"जागा कमी पडली तेव्हा मीच आवाज दुसऱ्या डिस्कवर टाकला, घरात नुसती लिंक ठेवली. पाटीच समजा. साधं pwd आपण ज्या नावाने आत शिरलो तेच सांगतं. खरी जागा -P सांगतं. नव्यावर पाटीच आली फक्त."

"कॉलेजात पोरांना हेच शिकवतेस ना?"

"पोरांना -P लावायला सांगते, काकू."

खालून सुगतचा हॉर्न. "ताई, दे ना यार, गाडी रस्त्यात उभी आहे."

"रुक भिया. हात लावायचा नाही अजून."

त्याला मी चहाला बसवलं. तिने दुसऱ्या डिस्कवरचे आवाज उतरवून घेतले, नव्यावरही ते वेगळ्या मोठ्या डिस्कवर ठेवले आणि घरात पुन्हा तीच पाटी लावली. मग एक गोष्ट सुरू केली.

"फाटक ओलांडलं की डावीकडे वळ, बेटा," चांगदेवराव खोकत म्हणाले. "कडुलिंब दिसला की आपलं घर."

तो कडुलिंबही घराबरोबरच गेला. कप घेऊन आत येणारा सुगत दारातच थांबला.

आवाज संपल्यावर तिने pwd टाइप केलं. /home/yashodhara/mhow. -P काही लावलं नाही, आणि मीही लाव म्हटलं नाही.