अंगठ्यातली नखी

ऐंशीच्या दशकात पानवेलीवरच्या जंतूंच्या अभ्यासासाठी मी केळव्याच्या पानमळ्यांत हिंडायची. सफरचंदाची झाडं आगीत भाजल्यासारखी काळी करणारा जंतू पुस्तकात शिकले होते. इथे त्याचाच कुणी भाऊबंद विड्याच्या पानांवर तेलकट डाग पाडत होता आणि वेली बोडक्या होत होत्या. गावात त्याला सरसकट करपा म्हणत.

मी जायची तो मळा एका विधवा मावशींचा. चपला बाहेर काढल्या की त्या विचारायच्या, "ताई, आज बाजूला नाय ना?" पाळीच्या दिवसांत बाईने पानमळ्यात पाऊल टाकायचं नाही, हा तिथला नियम. मला राग यायचा, पण मळा त्यांचा, मी पाहुणी.

एकदा गेले तर त्यांची सून दिसेना. विचारलं तर मावशी म्हणाल्या,

"एडवणला, माहेरी धाडली. बाजूला असताना आत शिरली, आन मळा करपला. आता नको ती परत."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यांचा मुलगा खाली मान घालून वेलींना पाणी देत होता. माझं डोकंच फिरलं. मी सूक्ष्मदर्शक उन्हात मांडला, डागाची कड कापून पाण्याच्या थेंबात ठेवली आणि म्हटलं, "मावशी, एक डोळा मिटा आणि बघा."

"धूर निघतोय गं, चुलीचा निघतो तसा."

"धूर नाही, जंतू आहेत ते. पान कुठे कापलं, चिरलं की तिथून आत शिरतात. बाई बाजूला आहे की नाही, त्यांना काय कळतंय?"

त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. पान खुडायला अंगठ्यात लोखंडी नखी घालतात, आणि ज्याची त्याची नखी वेगळी. भावाच्या मळ्यात हात द्यायला जाताना मावशी आपलीच नखी नेत. भावाचा मळा आधीच करपलेला. तिथून आल्या की तीच नखी घालून घरची पानं खुडत.

त्यांनीच नखी काढून माझ्या हातावर ठेवली. "करपा मीच आणला की गं," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "एडवणला चला माझ्यासंगं, सुनेला आणायला. जंतूचं तुमी सांगा, नखीचं मी सांगते."

आणि खरंच सांगितलं त्यांनी, विहीणबाईंच्या देखत, काही न लपवता. सुनेने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे सासूला विचारलं, "मग आई, आता त्या दिवसांत मी मळ्यात आले तर चालंल?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. या खेपेला मी काही त्यांच्या मदतीला गेले नाही.

"ते मला जमायचं नाय," त्या म्हणाल्या. "पण मळा परत करपला, तर तुला बोल लावायची नाय."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन साड्यांच्या घड्या घालून पिशवीत भरू लागली.