फळ धरेपर्यंत

माणसाने जीव कशाला लावावा याला काही धरबंध नाही. भिंगकाकांनी लावला तो वीतभर उंचीच्या एका खारट रोपाला.

काका आयुष्यभर वनस्पती-संग्रहालयात झाडं ओळखत आले. गळ्यात दोऱ्याला भिंग, म्हणून भिंगकाका. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी परगावी, ती फोनवर "बाबा, जेवलात ना?" विचारायची आणि काका "हो" म्हणायचे, जेवलेले असोत वा नसोत. घरात आवाज असलाच तर गळक्या नळाचा. तो दुरुस्त करणंही काकांच्या जिवावर येई.

गावाबाहेरच्या खारवट माळावर भराव टाकून गोदामं होणार होती. कुंपण घालून माळ बंद व्हायच्या आदल्या दिवशी काका तिथे गेले आणि एका जागी मटकन खालीच बसले. पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी पानं, चावली तर खारट. या मातीतली मूळची, एकाच हंगामाची वनस्पती या भागातून कधीच नाहीशी झाली असं सगळे धरून चालले होते. ही तीच असेल तर माळ वाचणार होता. पण हुबेहूब तिच्यासारखं दिसणारं एक उपरं तणही असतं. फरक कळतो तो फळात. बीला कवटाळणारी दोन इवली पानं दातेरी असली तर मूळची, गुळगुळीत असली तर उपरी. आणि माळावरच्या एकाही रोपाला अजून फळ धरलं नव्हतं. काकांनी एक रोप मातीसकट उचललं आणि जुन्या डब्यात घालून घरी आणलं.

"फळ नाही तर नाव नाही, काका," संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. हा धडा काकांनीच त्यांना शिकवलेला, तेव्हा बोलायची सोयच नव्हती. "भराव महिनाअखेरीला सुरू होतोय. त्याआधी फळ दाखवा, काम थांबवायचं मी बघते."

रोप खिडकीत विराजमान झालं. सकाळच्या चहाला काका त्याच्याशी बोलू लागले. आधी कामाचं, मग पेपरातलं, मग गुडघ्याचं. बाहेरून आले की चप्पल काढायच्या आत "आलो रे" म्हणायचे. आणि पाणी घालायचे, दोन्ही वेळा, तेही गाळलेलं. रोप असं माजलं की खिडकी लावता येईना. फळाचा मात्र पत्ता नाही.

बाई एकदा बघायला आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

"अहो काका, हा काय जावयाचा पाहुणचार! खाऱ्या मातीतलं झाड हे. पाणी तुटलं की ते घाईघाईनं बी धरतं. तुम्ही त्याला तहान लागूच देत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं?"

काका ओशाळले. त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! पण एका हंगामाचं झाड एकदा फळलं की वाळून जातं, हेही त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसापासून पाणी बंद. पानं माना टाकू लागली तेव्हा काका खिडकीकडे पाठ करून चहा प्यायले. बोलणंही खुंटलं, उपाशी ठेवलेल्याशी गप्पा कुठल्या मारणार? हळूहळू देठ तांबूस झाले, पानांच्या बगलेत दाणे दिसू लागले. एका सकाळी काकांनी भिंग लावलं. कडा दातेरी होत्या. त्यांना आनंद झाला, अगदी खरा आनंद, आणि तो सांगायला त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

बाईंना फोन केला. त्या तर उड्याच मारायच्या बाकी होत्या. "काका, जिंकलात! आता अख्खं रोप मुळासकट कागदांत दाबून आणा. आजच हवं, पुरावा म्हणून."

असं रसाळ रोप नुसतं दाबलं तर कागदांतही ते कित्येक दिवस जगतं, मग सडतं. म्हणून आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारायचं, ही कामाची रीत. काकांनी आजवर शेकडो बुडवली होती. त्यांनी पाणी ठेवलं. उकळल्यावर त्यात चहा टाकला आणि पिऊन टाकला. पुन्हा ठेवलं. तेही आटू दिलं. तिसऱ्यांदा मात्र रोप डब्यातून उपटलं, डोळे मिटून बुडवलं आणि कागदांत घालून वर वजनाला पाटा ठेवला.

दुपारी बाईंचा फोन आला. "झालं का, काका? आवाज का असा? अहो, माळावर आता हजारो वाचतील, तुमच्यामुळे."

"माळावर वाचतील गं," काका म्हणाले. "घरात एकच होतं."