फीत दिसते, पिन दिसत नाही

माझा स्वभाव संशयी आहे. जपानमधल्या फुनाबोरीच्या आमच्या घरातून निघताना मी गॅस बंद आहे ना ते बघते, जिना उतरते आणि पुन्हा वर येऊन बघते. नवरा म्हणतो, तुला पगार याचाच मिळतो. एका परीने खरंच आहे. त्याच्या नोकरीमागून मी जपानला आले आणि काही वर्षांनी मलाही काम मिळालं. अंतराळात जाऊन धावपट्टीवर परत उतरणारं एक छोटं यान आहे, आत माणूस नसलेलं. ते उतरलं की पुढच्या उड्डाणासाठी त्याची देखभाल करणाऱ्या तुकडीत मी आहे.

उतरलेलं यान तापलेलं असतं. आधी मास्क लावून आसपास विषारी वायू नाही ना, ते तपासायचं. मग शेपटीखालच्या काडतुसाला सेफ्टी पिन लावायची. अडचणीच्या वेळी पॅराशूट बाहेर फेकणारं हे काडतूस बहुतेक वेळा न उडताच परत येतं. पिनला लाल फीत असते. पिन बसल्याशिवाय यानाखाली जायचं नाही, कारण काडतूस उडालं तर थेट तोंडावर. एकाने बोट दाखवून मोठ्याने ‘योशी’ म्हणायचं, म्हणजे ठीक आहे. दुसऱ्याने स्वतः बघून, बोट दाखवून तेच म्हणायचं. मगच पुढे.

आमचे प्रमुख साठीला टेकलेले. माझं काम झालं की ते मागून येत आणि मी लावलेली प्रत्येक जोडणी हाताने चाचपून बघत. इतरांच्या मागेही ते असंच करतात का, हे मी चोरून बघायचे. ते इतरांच्या मागेही करायचे, पण माझ्या मागे जरा जास्तच वेळ रेंगाळतात असं मला वाटायचं. परदेशी बाई, हिच्यावर कसा भरवसा ठेवायचा, असंच त्यांच्या मनात असणार. फार राग यायचा मला.

त्या दिवशी समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. प्रमुखांनी बाजूने हात घालून स्वतः पिन लावली, मागे सरले आणि बोट रोखून म्हणाले, योशी. गार हवेचा पाइप जोडायला तेच खाली जाणार होते. माझं ‘योशी’ यायचं तेवढं बाकी होतं.

फीत तर स्पष्ट दिसत होती, पण ती काडतुसावरच्या झाकणाच्या बिजागरीत अडकून वर ताणलेली होती. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी ‘योशी’ म्हटलं नाही. सगळी तुकडी थांबली.

“फीत दिसतेय,” मी म्हटलं. “पिन दिसत नाही.”

“मीच लावली आहे,” ते म्हणाले.

इतक्या वडीलधाऱ्या माणसाला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. पिन जागेवर असती तर तोंडघशी मीच पडले असते. तरी तोंडातून तो शब्द काही निघेना. कुणी रागावलं नाही, घाई केली नाही, आणि त्याचंच मला जास्त दडपण आलं. शेवटी त्यांनी टॉर्च मागितला आणि बाजूने वाकून पाहिलं. पिन निसटून फितीला लोंबकळत होती.

त्यांनी ती पुन्हा लावली, ओढून पाहिली आणि सगळं पहिल्यापासून करायला सांगितलं. या वेळी पिन मला दिसली, आणि मीही बोट दाखवून ‘योशी’ म्हटलं.

काम संपल्यावर ते मशीनमधून गरम चहाचे दोन कॅन घेऊन आले. एक माझ्या हातात देत म्हणाले, “सगळ्यांच्या मागून मी बघतो. माझ्या मागून नुसताच ‘योशी’ असा आवाज यायचा, बघत कुणीच नसे.”

पुढच्या वेळी यान उतरलं तेव्हा त्यांनी माझ्या जोडण्या नेहमीसारख्याच चाचपल्या, तितकाच वेळ रेंगाळत. मला राग आला नाही. मग पिन लावून ते ‘योशी’ म्हणाले आणि मला नीट बघता यावं म्हणून बाजूला सरले. आता दर वेळी तसेच सरतात. मी वाकते, टॉर्च मारते, हवा तेवढा वेळ घेते. तोवर यानाखाली कुणी जात नाही. ते स्वतःसुद्धा.